कम्पोस्टेबल म्हणून घेतलेल्या पिशव्या खड्ड्यात कुजल्याच नाहीत, पैसे परत मिळतील का?

प्रश्न: ठाण्यातल्या आमच्या सोसायटीत ओल्या कचऱ्याचं खत करतात. त्यासाठी वर्षभर ‘100 टक्के कम्पोस्टेबल, पर्यावरणस्नेही’ असं छापलेल्या पिशव्या ऑनलाइन मागवल्या. सुमारे 18 हजार रुपये गेले. खड्डा उपसला तेव्हा पिशव्यांच्या चिंध्या खतात तशाच होत्या. कंपनी म्हणते, ‘योग्य परिस्थितीत पिशवी कुजते.’ बिल माझ्या नावावर आहे, पैसे सोसायटीने दिले. दाद मागता येईल का? (सोसायटीच्या सचिव)

उत्तर: ताई, नक्की मागता येईल. पण आधी कंपनीच्या त्या एका वाक्याकडे नीट बघा, तुमचं सगळं प्रकरण त्याच्यावरच उभं राहणार आहे.

कम्पोस्टेबल प्लास्टिकसाठी आपल्याकडे आयएस 17088 हे मानक आहे. त्याची चाचणी साधारण 58 अंश तापमानात, मोठ्या खत प्रकल्पासारख्या परिस्थितीत होते आणि कुजायला 180 दिवसांपर्यंत मुदत असते. सोसायटीच्या खड्ड्यात एवढी उष्णता महिनोन्‌महिने टिकत नाही. त्यामुळे कंपनीचं प्रमाणपत्र अस्सल असलं तरी तुमची तक्रार खोटी ठरत नाही. पिशवी कुठे कुजते आणि कुठे कुजत नाही हे कंपनीला माहीत होतं. मग ते विकताना तुम्हाला सांगितलं का?

ग्राहक संरक्षण कायदा 2019 च्या कलम 2(28) प्रमाणे महत्त्वाची माहिती जाणूनबुजून दडवणारी जाहिरातही दिशाभूल करणारी ठरते. शिवाय केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 15 ऑक्टोबर 2024 ला ग्रीनवॉशिंगविरुद्ध, म्हणजे पर्यावरणस्नेही असल्याच्या खोट्या दिखाव्याविरुद्ध, मार्गदर्शक सूचना काढल्या. ‘इको-फ्रेंडली’, ‘ग्रीन’ असे मोघम शब्द पुराव्याशिवाय आणि पुरेशा खुलाशाशिवाय वापरता येत नाहीत. ‘कम्पोस्टेबल’सारख्या ठोस दाव्यामागे विश्वासार्ह प्रमाणपत्र, शास्त्रीय पुरावा किंवा त्रयस्थ पडताळणी दाखवावी लागते. दर्शनी बाजूला ‘100 टक्के’ आणि मागे बारीक अक्षरात ‘फक्त औद्योगिक खत प्रकल्पात’ असं असेल, तर तो खुलासा मूळ दाव्यालाच छेद देतो. 2022 च्या जाहिरातविषयक सूचनांनुसार तसं करता येत नाही. मला विचाराल तर हाच तुमचा सर्वांत भक्कम मुद्दा आहे. तो खुलासा पुढेच ठळक छापलेला निघाला, तर मात्र तुमची बाजू बरीच लंगडी पडेल, हेही स्पष्ट सांगते.

आता पाकीट हातात घ्या. त्यावर उत्पादकाचं नाव आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रमाणपत्राचा क्रमांक आहे का? असं प्लास्टिक विकण्याआधी ते प्रमाणपत्र घ्यावंच लागतं. क्रमांक नसेल, किंवा मंडळाच्या यादीत उत्पादकाचं नावच नसेल, तर ‘योग्य परिस्थिती’च्या बचावात फारसा दम उरत नाही.

बिलाची काळजी नको. विकत घेणाऱ्याच्या संमतीने वस्तू वापरणाराही कायद्याने ग्राहक असतो, आणि सहकारी संस्थेलाही तक्रार करता येते. तुम्ही आणि सोसायटी दोघांच्या नावे तक्रार करा. कमिटीचा ठराव आणि सोसायटीने तुम्हाला पैसे दिल्याची नोंद जोडा.

न वापरलेली पाकिटं उरली असतील तर अजिबात उघडू नका. त्याच कायद्याच्या कलम 38 खाली ग्राहक आयोग नमुना प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. त्या तपासणीचा खर्च आधी तुम्हाला भरायला सांगतील. चिंध्यांचे तारखेसह फोटो काढा आणि संकेतस्थळावरची जाहिरात आजच जतन करा, नोटीस पोचली की ती बदलायला वेळ लागत नाही. खड्ड्याची नोंदवही असेल तर तीही लागेल, कारण ‘तुम्ही खतच नीट केलं नाही’ असं कंपनी म्हणणारच.

तक्रार ठाणे जिल्हा ग्राहक आयोगात करता येते, कंपनी कुठलीही असो. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही. मुदत दोन वर्षांची, तेव्हा सगळ्यात जुन्या बिलाची तारीख आधी बघा. पैसे परत आणि भरपाई आयोगाकडून मिळते. प्राधिकरण कंपनीला 10 लाखांपर्यंत दंड करू शकतं, पण त्यातलं तुमच्या हाती काही येत नाही. तरी तिथेही तक्रार कराच, जिल्हाधिकाऱ्यांमार्फतही देता येते. त्याच पिशव्या आणखी कितीतरी सोसायट्या विश्वासाने घेत असतील.

सुरुवात मात्र नोटिशीने करा. स्पीड पोस्टाने पाठवा, 15 दिवसांची मुदत द्या. पैसे परत मागाच, शिवाय दोन गोष्टी लेखी विचारा: योग्य परिस्थिती म्हणजे किती तापमान, किती दिवस? आणि हे पाकिटावर कुठे छापलं आहे?