उताऱ्यावरचे बहुपर्यायी प्रश्न: उतारा समजतो, तरी उत्तर का चुकतं?

तुम्ही लिहिलंय की उतारा कळतो, चारपैकी दोन पर्याय उरतात आणि नेमका चुकीचाच निवडला जातो. माझंही असंच व्हायचं. वाचन कमी पडतंय असं वाटून मी वाचत सुटलो. पुढे एकदा चुकलेले प्रश्नच घेऊन बसलो, तेव्हा कळलं की उतारा मी नीट वाचत होतो, पर्याय मात्र नुसते चाळत होतो.

समजा उताऱ्यात आहे: ‘काही वटवाघळे प्रतिध्वनीवरून अन्न शोधतात, फळे खाणारी बरीचशी मात्र डोळ्यांवर आणि वासावर विसंबतात.’ आता पर्याय बघा. ‘वटवाघळे प्रतिध्वनीवरून अन्न शोधतात.’ शब्द ओळखीचे, म्हणून हात तिकडेच जातो. पण ‘काही’ गायब आहे. ‘वटवाघूळ हा सस्तन प्राणी आहे.’ अगदी खरं, पण इथे लिहिलंय कुठे? ‘अन्न शोधण्याची सगळ्या वटवाघळांची रीत एकच नाही.’ हे बरोबर, आणि नेमकं हेच उताऱ्यातल्या वाक्यासारखं दिसत नाही. (‘सगळे’, ‘नेहमी’ दिसलं की पर्याय खोडा, असं सांगणारे भेटतील. इथे तेच केलं असतं तर गुण गेला असता.)

म्हणून मी प्रश्न वाचताना पर्यायांवर हात ठेवतो, उत्तर मनात स्वतःच्या शब्दांत जुळवतो आणि मगच हात काढतो. दोन पर्याय उरले तर दोघांत फरक करणारा शब्द शोधायचा आणि फक्त त्या शब्दासाठी उताऱ्याकडे परत जायचं. ‘कोणते विधान चुकीचे आहे’ मधल्या ‘चुकीचे’ला वर्तुळ करा, घाईत हाच शब्द निसटतो.

‘पहिलं उत्तर बदलू नये’ हे मला पटत नाही. २००५ साली मानसशास्त्रज्ञ जस्टिन क्रूगर आणि सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांच्या पेपरांतली खाडाखोड तपासली. बदललेल्यांपैकी निम्मी उत्तरं चुकीची होती ती बरोबर झाली होती. बरोबरची चूक झाली ती साधारण पाव. कारण सापडलं तर खुशाल बदला, नुसती धाकधूक असेल तर राहू द्या.

चुकीला पाव गुण कापत असतील आणि चारातला एक जरी पर्याय खात्रीने खोडता आला, तर प्रश्न कोरा सोडू नका. सोडलाच, तर उत्तरपत्रिकेवरची ती ओळही सोडा. मी एकदा विसरलो आणि पुढची सगळी उत्तरं एक घर वर सरकली.