पुढचे टायर रुंद केले तर गाडी वळणावर धरून राहील का?

प्रश्न : माझी फ्रंट व्हील ड्राइव्ह हॅचबॅक आहे, कंपनीचे टायर १८५/६५ आर १५ (१८५ मिमी रुंदी, बाजूची उंची रुंदीच्या ६५ टक्के, रिम १५ इंची). वळणावर जरा जोरात गेलं की गाडी बाहेर जाते, स्टिअरिंग अजून फिरवलं तरी ऐकत नाही. टायरवाला म्हणतो २०५ टाका, आत्ता निदान पुढचे दोन तरी, मागचे नंतर बघू. टाकू का?

उत्तर : पुढचे दोनच टाकायचं आधी डोक्यातून काढा, का ते सांगतो. तुमच्या गाडीत इंजिन पुढे, गिअरबॉक्स पुढे, म्हणजे साठ टक्क्यांच्या आसपास वजन पुढच्या चाकांवर, आणि गाडी ओढायची त्यांनीच, वळवायची त्यांनीच, ब्रेकचा मोठा वाटाही त्यांचाच. टायरकडे ग्रिप ठरावीकच असते, वळणात पाय दाबून ठेवला की ती ओढण्यात खर्च होते आणि वळायला उरत नाही, यालाच अंडरस्टिअर म्हणतात. अशा वेळी स्टिअरिंग अजून पिळून काही होत नाही, ॲक्सिलरेटर हळूच सोडायचा (झटक्यात नाही हं, मागची बाजू सुटू शकते).

आता रुंदीचं. लोकांना वाटतं रुंद टायर म्हणजे रस्त्याला जास्त रबर टेकलं, पण तसं फारसं होत नाही. समजा एका पुढच्या चाकावर ३३० किलो भार आहे आणि हवा ३३ पीएसआय, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला साधारण २.३ किलो, तर टेकणारा भाग झाला १४० चौरस सेंटिमीटरच्या आसपास, मग टायर १८५ असो की २०५. बदलतो तो आकार, रुंद टायरचा ठसा आडवा पसरतो आणि लांबीला आखूड होतो. त्यामुळे स्टिअरिंग फिरवलं की गाडी पटकन वळते आणि सलग जोरात चालवताना टायर तापतोही कमी, हा फायदा खरा आहे, नाकारत नाही. पण पाण्यात तोच ठसा उलटा पडतो, रुंद टायरला जास्त पाणी बाजूला सारावं लागतं आणि तो कमी स्पीडलाच पाण्यावर तरंगायला लागतो. शिवाय स्टिअरिंग थोडं जड, मायलेज थोडं कमी, आणि रस्त्यावर चाकोऱ्या पडलेल्या असतील तर गाडी त्यांच्या मागे जाते.

साइज घेताना नुसता पहिला आकडा बघू नका. तुमच्या टायरचा व्यास येतो ६२१.५ मिमी. २०५/६५ घेतला तर ६४७.५, म्हणजे चार टक्के जास्त, मीटर १०० दाखवेल तेव्हा गाडी १०४ ला असेल, वर स्टिअरिंग शेवटपर्यंत फिरवलं की आतल्या प्लास्टिकला घासायची शक्यता. २०५/६० चा ६२७, तो चालतो. पण रिम साडेपाच इंची असेल तर त्यावर २०५ कसाबसा बसतो, साइडवॉल (टायरची बाजू) फुगते, वळणात लवचते आणि रुंदीसाठी दिलेले पैसे तिथेच गेले. रिमही बदलणार असाल तर ऑफसेट (चाक किती आत किंवा बाहेर बसतं ते ठरवणारं माप) तपासा, चाक फार बाहेर आलं की जोरात पिकअप घेताना स्टिअरिंग हातातून ओढल्यासारखं होतं.

फक्त पुढे रुंद टायर टाकले तर अंडरस्टिअर कमी होईल, हे टायरवाला खोटं बोलत नाहीये. ऑडी आरएस ३ च्या २०२१ च्या मॉडेलला तर कंपनीनेच पुढे २६५ आणि मागे २४५ दिलेत, पण त्या गाडीचं सस्पेन्शन त्या हिशोबाने बसवलेलं असतं. तुमची मागची बाजू हलकी, ओल्या वळणावर ती आधी सुटली तर सावरायला वेळ मिळत नाही.

मी आधी हे करेन : दरवाज्याच्या खांबावरच्या स्टिकरप्रमाणे थंड टायरमध्ये हवा, मग अलाइनमेंट (चाकांचे कोन) तपासून घ्यायची, मग पुढच्या टायरची बाहेरची कड बघायची, ती जास्त झिजली असेल तर हवा कमी राहतेय किंवा तुम्ही वळणात फार जोरात शिरताय. साइडवॉलवर चार आकडी तारीखही असते, २३१८ म्हणजे २०१८ चा तेविसावा आठवडा. रबर तेवढं जुनं आणि कडक झालं असेल तर त्याच साइजचा चांगला नवा सेट घ्या, जुन्या २०५ पेक्षा नवा १८५ केव्हाही बरा. तरी हौस असेलच तर चारही सारखे बदला.

प्रश्न : आणि मागे रुंद, पुढे कंपनीचेच ठेवले तर? दिसायला भारी वाटतं.

उत्तर : ते मागच्या चाकांना पॉवर असलेल्या गाड्यांचं काम. तुमच्याकडे मागची चाकं नुसती मागून येतात, तिथे ग्रिप वाढवली की अंडरस्टिअर अजून वाढेल, म्हणजे ज्याची तक्रार आहे तेच पैसे देऊन घ्याल.