प्रोसेसर बसेल, पण चालेल का?

वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझ्याकडे २०१९ मध्ये असेंबल करून घेतलेला संगणक आहे. बी४५० मदरबोर्ड, रायझन ३ २२००जी प्रोसेसर, ८ जीबीची एकच रॅम आणि प्रोसेसरच्या खोक्यातून आलेला रेथ स्टेल्थ कूलर, अशी त्याची रचना आहे. वेगळे ग्राफिक्स कार्ड नाही. कामे म्हणजे हिशेब, मराठी डीटीपी आणि शाळेच्या कार्यक्रमांच्या चित्रफिती जोडणे. विंडोज १० चा आधार संपल्यामुळे विंडोज ११ घ्यावे म्हटले, तर हा प्रोसेसर त्याच्या यादीत नाही. दुकानदार म्हणतात, ‘रायझन ७ ५७००एक्स टाका, याच बोर्डावर बसेल, तोही ६५ वॉटचाच आहे, म्हणून जुना कूलरही चालेल.’ त्यांचे म्हणणे बरोबर आहे का? — एक वाचक, चंद्रपूर

उत्तर : दुकानदारांचे पहिले विधान खरे आहे आणि त्यातच फसगत आहे. ५७००एक्स आपल्या बोर्डावर बसेल, कारण त्यावरच्या एएम४ सॉकेटची, म्हणजे प्रोसेसर बसतो त्या खोबणीची, १३३१ पिनांची मांडणी २०१६ पासून या सॉकेटच्या अखेरच्या प्रोसेसरांपर्यंत तीच राहिली. परंतु ५७००एक्समध्ये अंतर्गत ग्राफिक्स नाही. आपला मॉनिटर आज मदरबोर्डावरच्या एचडीएमआय पोर्टला जोडलेला असणार आणि त्या पोर्टला चित्र पुरवतो तो २२००जीमधला वेगा ग्राफिक्स विभाग. प्रोसेसर बदलला की पंखे फिरतील, दिवे लागतील आणि पडदा मात्र काळाच राहील. मग ‘बोर्ड गेला’ असे निदान होऊन दुरुस्तीचा भुर्दंड पडण्याची भीती आहे.

वेगळे ग्राफिक्स कार्ड घ्यायचे नसेल, तर नावाच्या शेवटी ‘जी’ असलेला प्रोसेसर घ्यावा. माझे मत ५६००जीच्या बाजूने आहे : सहा कोअर, बारा थ्रेड, अंतर्गत ग्राफिक्स, ६५ वॉट आणि विंडोज ११ च्या यादीत समावेश. आठ कोअरचा ५७००जी चित्रफितींच्या कामाला अधिक बरा, यात शंका नाही. पण आपल्या कामांचे स्वरूप पाहता तो वरचा पैसा आणखी ८ जीबीच्या रॅमवर खर्च केलेला मला अधिक पटतो. अंतर्गत ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते रॅममधूनच वाटा घेते, म्हणून एका रॅमच्या जागी दोन बसवल्यावर पडणारा फरक जाणवण्याइतका असतो.

आता बायोस, म्हणजे संगणक सुरू होताच आधी चालणारा मदरबोर्डातला मूळ प्रोग्राम. प्रोसेसर विकत घेण्याआधी मदरबोर्डाच्या कंपनीच्या संकेतस्थळावर आपल्या नेमक्या मॉडेलच्या पानावरची प्रोसेसरांची यादी उघडावी. तिथे प्रत्येक प्रोसेसरपुढे बायोसची किमान आवृत्ती दिलेली असते. ५००० मालिकेसाठीच्या आवृत्त्या बी४५० बोर्डांना २०२१ पासून मिळू लागल्या, तेव्हा २०१९ च्या बोर्डात मूळ बायोस असेल तर नवा प्रोसेसर त्याला ओळखताच येणार नाही. सध्याची आवृत्ती विंडोजमधल्या ‘सिस्टिम इन्फर्मेशन’ या खिडकीत दिसते. बायोस अद्ययावत करणे जुना प्रोसेसर जागेवर असतानाच करायचे असते, हा क्रम चुकला की जुना प्रोसेसर पुन्हा बसवण्याची वेळ येते. काही बोर्डांना थेट शेवटच्या आवृत्तीवर जाता येत नाही, मधली एखादी आवृत्ती आधी घालावी लागते. तशी सूचना त्या पानावरच असते. नव्या आवृत्त्या घालताना काही बोर्डांनी जुन्या प्रोसेसरांचा आधार काढून टाकला आहे, म्हणून नवा प्रोसेसर हातात आल्यावरच हे काम करावे. आणि ते इन्व्हर्टर किंवा यूपीएसवर करावे. बायोस लिहिला जात असताना लाइट गेली, तर बोर्ड जागेवर बसतो, आणि हे ‘बसणे’ कोणालाच नको असते.

राहिला कूलर. ‘दोन्ही ६५ वॉट, म्हणून तोच कूलर’ हा युक्तिवाद ऐकायला बिनतोड वाटतो. परंतु खोक्यावरचा टीडीपीचा (कूलर निवडण्यासाठी दिलेल्या उष्णतेचा) आकडा म्हणजे प्रोसेसर ओढतो ती वीज नव्हे. ठळक उदाहरण १०५ वॉटच्या रायझनचे आहे. त्याला कंपनीनेच १४२ वॉटपर्यंत वीज घेण्याची मुभा दिलेली असते. ६५ वॉटच्या गटातही चार कोअरचा २२००जी रोजच्या वापरात जेवढी उष्णता टाकतो, त्यापेक्षा आठ कोअर पूर्ण भाराने राबवणारा प्रोसेसर अधिक टाकणार. ५७००एक्सच्या खोक्यात कंपनी कूलर देतच नाही, यावरूनही काय ते समजावे. ५६००जीच्या बंद खोक्यात मात्र रेथ स्टेल्थच येतो, त्यामुळे जुळण्याचा प्रश्न उरत नाही. बाजारात ‘ट्रे’ म्हणून सुटा प्रोसेसर थोडा स्वस्त मिळतो. त्यात कूलर नसतो आणि वॉरंटी कोण देणार हे बिलावर लिहून घ्यावे लागते.

पण आपण चंद्रपूरचे, म्हणून थोडे अधिक लिहितो. कूलर प्रोसेसरला थंड करतो म्हणजे भोवतालच्या हवेपेक्षा ठरावीक अंशांनी वर रोखून धरतो. २२ अंशांच्या वातानुकूलित खोलीत ७० अंशांवर स्थिर राहणारा प्रोसेसर तेवढ्याच भाराला ४२ अंशांच्या खोलीत साधारण ९० अंशांवर जाईल आणि ५६००जीची मर्यादा ९५ अंशांची आहे. परदेशी चाचण्यांमधले आकडे विदर्भातल्या मे महिन्याला लावताना हे वीस अंश आपणच मिळवायचे असतात. मर्यादा गाठल्यावर प्रोसेसर जळत नाही, वेग कमी करून स्वतःला सांभाळतो. पण चित्रफितीचे तासाभराचे काम दीड तास घेऊ लागते आणि स्टेल्थचा लहान पंखा किंचाळत राहतो. यावर दोन मार्ग आहेत. पहिला फुकट आहे : ५६००जीचा टीडीपी बायोसमधून ४५ वॉटपर्यंत खाली आणता येतो, हिशेब आणि डीटीपीत त्याचा फरक जाणवायचा नाही. दुसरा मार्ग १२० मिलिमीटर पंख्याचा उभा, टॉवर पद्धतीचा कूलर घेण्याचा.

टॉवर कूलर घ्यायचा ठरला, तर ‘एएम४ला चालतो’ एवढे वाचून थांबू नये. स्टेल्थची उंची ५४ मिलिमीटर आहे, तर असे टॉवर कूलर सर्रास १५० ते १६० मिलिमीटर उंच असतात आणि जुन्या अरुंद कॅबिनेटचे झाकण त्यावर लागत नाही. कॅबिनेटच्या कागदावर कूलरची कमाल उंची दिलेली नसेल, तर जुना कूलर काढलेला असताना प्रोसेसरच्या धातूच्या पृष्ठावर पट्टी उभी धरून झाकणाच्या पातळीपर्यंतचे अंतर मोजावे आणि त्यातून चार-पाच मिलिमीटर वजा करावेत. झाकणावर आतून पंखा बसवलेला असेल, तर त्याची जाडीही वजा करावी, हे हमखास विसरले जाते. रॅमचेही पाहावे लागते : साधी रॅम सुमारे ३१ मिलिमीटर उंच असल्याने बहुतेक कूलरांखाली मावते, चमकदार धातूचे कवच असलेली उंच रॅम मात्र पुढच्या पंख्याला अडते.

बसवण्याच्या पद्धतीही दोन आहेत. एएम४ बोर्डावर सॉकेटच्या दोन्ही बाजूंना काळ्या प्लास्टिकच्या पट्ट्या असतात. काही कूलर त्यांच्या आकड्याला क्लिपने अडकतात, तर काही पट्ट्या काढून थेट मागच्या धातूच्या पाटीत स्क्रूने बसतात. आपला स्टेल्थ दुसऱ्या प्रकारचा आहे, म्हणजे त्या पट्ट्या सात वर्षांपूर्वी काढल्या गेल्या असणार. क्लिपचा कूलर आणण्यापूर्वी त्या घरात कुठे आहेत हे शोधावे. बहुधा मदरबोर्डाच्या खोक्यात सापडतील. स्क्रू काढल्यावर मागची पाटी सुटी होऊन आत पडते, म्हणून कॅबिनेट आडवे ठेवून काम करावे.

एक धोका मात्र मी स्वतः पत्करून पाहिलेला आहे. एएम४ मध्ये पिना प्रोसेसरला असतात आणि वर दाबून धरणारी चौकट नसते. कूलर आणि प्रोसेसर यांच्यामधली उष्णता वाहून नेणारी जुनी पेस्ट वाळून डिंकासारखी झालेली असते. सरळ वर ओढल्यावर सॉकेटचा खटका बंद असतानाही प्रोसेसर कूलरला चिकटून बाहेर येतो. माझ्या हातून तसे झाले तेव्हा कडेच्या दोन पिना वाकल्या होत्या. अर्ध्या मिलिमीटरच्या शिशाच्या पेन्सिलीतले शिसे काढून तिच्या पोकळ टोकात एकेक पिन घेऊन हलकेच सरळ केली, तेवढ्या अर्ध्या तासात घाम फुटला. म्हणून आधी दहा-पंधरा मिनिटे संगणक भाराने चालवून पेस्ट मऊ करावी, मग बंद करून व वायर काढून, स्क्रू सैल केल्यावर कूलर डावीकडे-उजवीकडे किंचित पिळावा आणि तो सुटल्याचे जाणवल्यावरच उचलावा. जुना कूलर पुन्हा लावणार असाल, तर त्याचा तळ आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून मटारच्या दाण्याएवढी नवी पेस्ट मधोमध ठेवावी. नवा कूलर असेल, तर तळावरची पारदर्शक फिल्म काढायला विसरू नये. हे वाचून हसू येईल, पण ‘नवा कूलर असूनही तापतो’ या तक्रारीमागे ती फिल्म असू शकते.

प्रश्न : माझ्या एच११० बोर्डावर आय५-७४०० आहे. मित्र त्याचा आय५-८४०० देतो आहे. दोन्ही ११५१ सॉकेटचेच आहेत. शिवाय मी घेतलेला टॉवर कूलर पुढे नव्या संगणकात वापरता येईल का? — एक वाचक, पुणे

उत्तर : मित्राचे आभार मानून नकार द्यावा. इंटेलने आठव्या पिढीसाठी सॉकेटचे नाव ११५१ च ठेवले, पण पिनांच्या जोडण्या बदलल्या. त्या प्रोसेसरला ३०० मालिकेचा बोर्ड लागतो. आपल्या बोर्डात तो आत जाऊन बसेल, संगणक मात्र सुरू होणार नाही. एच११० वर सहाव्या आणि सातव्या पिढीच्या पुढे अधिकृत वाट नाही आणि सातव्या पिढीतला वरचा प्रोसेसर जुन्या बाजारातून घेऊनही विंडोज ११ ची अडचण तशीच राहते, म्हणून त्यात पैसे घालू नयेत.

कूलरचे उत्तर मिलिमीटरमध्ये आहे. ११५१ आणि १२०० या दोन्ही सॉकेटांभोवतीची चार छिद्रे ७५ मिलिमीटरच्या चौरसात आहेत, म्हणून दहाव्या-अकराव्या पिढीपर्यंत कूलर तसाच बसेल. बाराव्या पिढीपासूनच्या १७०० सॉकेटला हे अंतर ७८ मिलिमीटर झाले आणि प्रोसेसरची उंचीही थोडी कमी झाली. तीन मिलिमीटरच तर आहेत, म्हणून कूलरच्या जुन्या पिना ताणून बसवण्याचा खटाटोप करू नये. दाब एका बाजूला कमी पडतो आणि तापमान विनाकारण वाढते. कूलरच्या कंपनीकडे १७०० साठीचा जोडसंच मिळतो का ते पाहावे. मिळाला, तर आपला टॉवर आय५-१२४०० ला उत्तम आहे : त्याचा पायाभूत आकडा ६५ वॉटचा असला, तरी कमाल ११७ वॉटचा आहे.

प्रश्न : रायझन बदलल्यावर संगणक सुरू करताच नवा सीपीयू बसवल्याचा व ‘एफटीपीएम’चा इंग्रजी संदेश येतो आणि वाय किंवा एन दाबायला सांगतो. काय दाबू? — एक वाचक, मडगाव

उत्तर : घाईने वाय दाबू नये. एफटीपीएम म्हणजे प्रोसेसरमधला, सुरक्षेच्या किल्ल्या ठेवणारा कप्पा. त्यात डिस्कवरच्या माहितीला लावलेल्या विंडोजच्या बिटलॉकर कुलुपाची किल्ली असू शकते आणि वाय म्हणजे ती पुसणे. एन दाबून पुढे जावे. मायक्रोसॉफ्ट खात्यात ४८ अंकी रिकव्हरी की आहे का, ते मोबाइलवरून पाहून कागदावर उतरवून घ्यावी. बिटलॉकर कधी सुरूच नव्हते याची खात्री असेल किंवा ती की हाती असेल, तरच वाय दाबावे.