जेवण तेच, मग वजन कसं वाढलं?

प्रश्न : माझं वय ४६, उंची १५५ सेंमी. लग्नाच्या वेळी वजन ५१ किलो होतं, आता ६३ आहे. दोन पोळ्या, भाजी, वरण-भात हे जेवण तेव्हाही होतं, आताही तेच. वयामुळे चयापचय मंदावल्याने हे होतं का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : सगळा दोष चयापचयावर टाकता येत नाही. ‘सायन्स’ या नियतकालिकात २०२१ साली २९ देशांतल्या सहा हजारांहून अधिक माणसांची मोजमापं प्रसिद्ध झाली. शरीराचं आकारमान हिशेबात धरलं तर २० ते ६० या वयात ऊर्जेचा खर्च जवळपास स्थिर राहतो. तो साठीनंतर घटू लागतो, वर्षाला सुमारे ०.७ टक्के. रजोनिवृत्तीच्या सुमारास चरबी पोटाकडे सरकते हे मात्र खरं. थायरॉइडही एकदा तपासून घ्या.

बारा किलो वाढण्यामागे रोजची साधारण अडीचशे ते तीनशे कॅलरींची तफावत असते. काही हालचाल कमी झाल्यामुळे, काही ताटाबाहेरच्या खाण्यामुळे. दोन-दोन चमचे साखरेचे दोन चहा म्हणजे ८० कॅलरी. मूठभर (३० ग्रॅम) शेंगदाणे म्हणजे १७०. मुलांच्या ताटात उरलेली अर्धी पोळी, फोडणीत घातलेली जास्तीची पळी, ही कुणी जेवणात मोजतच नाही. म्हणून ‘जेवण तेच’ हे तुमचं म्हणणं खरंही असतं आणि अपुरंही.

सात दिवस वही ठेवा. त्यात रविवार आणि असल्यास एक उपवासाचा दिवस येऊ द्या. तोंडात गेलेली प्रत्येक गोष्ट त्याच वेळी लिहा. रात्री आठवून लिहिलं की चाखलेलं आणि येता-जाता उचललेलं हमखास सुटतं. त्या आठवड्यात खाणं मुद्दाम सुधारू नका, नाहीतर वही खोटी पडते.

तेलाचा हिशेब वहीत बसत नाही, तो डब्यावरून करा. चार माणसांच्या घरात महिन्याला ५ लिटर तेल संपत असेल, तर माणशी रोज सुमारे ४२ मिली पडतं, म्हणजे साडेतीनशेच्या आसपास कॅलरी. तेच ३ लिटरवर आणलं तर माणशी रोज २५ मिली होतं आणि ताटातली एक पोळीही न काढता दिवसाच्या १३०-१४० कॅलरी कमी होतात. डब्यातून थेट कढईत ओतणं थांबवा. ५ मिलीच्या चमच्याने मोजून घाला. आमच्या मते सुरुवात इथूनच करावी, कारण यात कुणाला उपाशी राहावं लागत नाही.

भात-पोळी एकदम बंद करण्याचा मार्ग मात्र टाळा. दुपारी पोट अर्धं राहिलं की संध्याकाळी फरसाणाचा डबा उघडतो आणि वाचवलेलं सगळं भरून निघतं. सहा महिन्यांत ३ किलो हे तुमच्यासाठी पुरेसं उद्दिष्ट आहे. वजन आठवड्यातून एकदा, ठरावीक वारी, सकाळी शौचानंतर करा. एखादा किलो मागे-पुढे झाला तर तो बहुधा पाण्याचा असतो. कंबरही मोजा, भारतीय स्त्रियांसाठी ८० सेंमीच्या आत असावी.

प्रश्न : आठवड्यातून दोन उपवास करूनही वजन का उतरत नाही? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : उपवासाला काय खाता ते मोजून पाहा. ७५ ग्रॅम कोरडा साबुदाणा, ३० ग्रॅम दाण्याचं कूट आणि दोन चमचे तूप एवढ्या खिचडीत पाचशेहून अधिक कॅलरी असतात, शिवाय बटाटा वेगळाच. साबुदाण्यात प्रथिनं नगण्य, म्हणून दोन तासांत पुन्हा भूक लागते. त्याऐवजी भगर घ्या, सोबत वाटीभर दही किंवा ताक, आणि काकडी. कूट एका चमच्यावर आणा.

प्रश्न : वडील ७१ वर्षांचे आहेत. आठ महिन्यांत ६२ वरून ५८ किलोवर आले. म्हातारपणी चालायचंच ना? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : नाही. प्रयत्न न करता सहा ते बारा महिन्यांत ५ टक्क्यांहून जास्त वजन घटलं, तर डॉक्टरांना दाखवायलाच हवं. त्यांचं सहा टक्क्यांहून अधिक घटलं आहे. मधुमेह, थायरॉइड, कर्करोग, नैराश्य, औषधांचे परिणाम, दात किंवा कवळीचा त्रास, यांपैकी काहीही कारण असू शकतं. जाताना चालू औषधांची यादी आणि मागच्या वजनांच्या नोंदी सोबत न्या. तोवर चहा-बिस्किटांनी भूक मारू देऊ नका. मूत्रपिंडाचा विकार नसेल तर प्रत्येक जेवणात घट्ट वरण, दही, अंडं किंवा पनीर यांपैकी काहीतरी द्या.