ईसीजीची केसाळ लाईन, आजीची थंड बोटं: तुमचे प्रश्न

प्रश्न: कॉलेज प्रोजेक्टला एडी८२३२ मॉड्यूलवर (ईसीजी मोजायचं छोटं सर्किट) ईसीजी घेतोय. लाईन एकदम केसाळ येते. नॉच फिल्टर (एकच ठराविक फ्रिक्वेन्सी कापणारा) टाकू का?

टाका, पण सगळ्यात शेवटी. ते केस म्हणजे घरातल्या विजेचे ५० हर्ट्झ, आणि ईसीजी असतो जेमतेम १ मिलिव्होल्टचा, मग शेजारची वायरपण त्याला भारी पडणारच ना. आधी कातडी स्पिरिटने पुसा, सुकू द्या, नवीन इलेक्ट्रोड लावा (उघड्या पाकिटातले नकोत, जेल वाळलं की ते गेले कामातून) आणि तिन्ही वायरी एकत्र पिळून घ्या. दोन इलेक्ट्रोडचा कॉन्टॅक्ट सारखा नसेल तर अॅम्प्लिफायर कितीही भारी असू दे, ही ५० हर्ट्झची गुरगुर आत येतेच. आणि लॅपटॉप चार्जर काढून बॅटरीवर चालवा, छातीला वायरी लावलेल्या असताना मेन्सशी संबंध नकोच.

प्रश्न: मी ईसीजी टेक्निशियन आहे. फिल्टर लावला की पट्टी स्वच्छ येते, तरी डॉक्टर बंद कर म्हणतात.

बरोबर म्हणतात. ४० हर्ट्झच्या वरचं कापलं की क्यूआरएसचं (ठोक्याच्या उंच सुळक्याचं) टोक बुटकं होतं, बारीक खाचा गायब. बेसलाईन (पट्टीची मूळ रेषा) सरळ करायला खालून ०.५ हर्ट्झचा साधा फिल्टर लावला तर एसटी सेगमेंटच (त्या सुळक्यानंतरचा सपाट तुकडा) वरखाली होऊ शकतो, म्हणजे हार्ट अटॅक बघायचा तोच भाग! निदानासाठी ०.०५ ते १५० हर्ट्झ ठेवा. पेशंट कुडकुडत असेल तर पांघरूण द्या, हात सैल सोडायला सांगा, निम्मी थरथर तिथंच जाते.

प्रश्न: आजीचा ऑक्सिमीटर कधी ८६ दाखवतो, कधी ९६. हात थंड असतात.

तो लाल आणि इन्फ्रारेड उजेड बोटातून पाठवून नाडीबरोबर बदलणारा भाग तेवढा मोजतो, बोट गार असेल तर तो भागच बारीक होतो. हात चोळून गरम करा, नेलपॉलिश काढा, मिनिटभर थांबा, आणि मशीनवरची नाडी हाताने मोजलेल्या नाडीशी जुळते का बघा. जुळत नसेल तर तो ऑक्सिजनचा आकडाही सोडून द्या. गरम हातावरही कमीच येत असेल किंवा धाप लागली असेल तर सरळ डॉक्टर गाठा. सावळ्या कातडीवर हे यंत्र कधीकधी खऱ्यापेक्षा जास्त दाखवतं, म्हणून त्रास होत असताना ९५ बघून निवांत बसू नका.

प्रश्न: ठोके ओळखणारं मॉडेल बनवायचंय, डेटा कुठे मिळेल?

फिजिओनेट या वैद्यकीय डेटाच्या साईटवर एमआयटी-बीआयएच हा ईसीजीचा संग्रह, फुकट आहे. अर्ध्या अर्ध्या तासाची ४८ रेकॉर्डिंग, सेकंदाला ३६० सॅम्पल. ट्रेन-टेस्ट (शिकवायचा आणि तपासायचा डेटा) पेशंटनुसार वेगळे करा, ठोके मिसळून नको, नाहीतर उत्तरं ९९ टक्के बरोबर येतात आणि नव्या पेशंटवर मॉडेल आपटतं. २०१ आणि २०२ ही रेकॉर्डिंग एकाच माणसाची आहेत, ती एकाच बाजूला ठेवा.