आधी हाच वर्ग, मग परदेशी पदवी

प्रश्न : मी बी.एड. असून बाणेरमधील एका इंग्रजी माध्यमाच्या शाळेत दोन वर्षे पाचवीला शिकवते. वर्गात मराठी मुलांबरोबर तमिळ, बंगाली आणि भोजपुरी बोलणारी मुले आहेत. वडिलांची नोकरी चाकणला असल्याने पुण्यात आलेला एक कोरियन मुलगाही आहे. चार महिन्यांत तो वर्गात जवळजवळ बोललेलाच नाही. आंतरसांस्कृतिक शिक्षण या विषयात परदेशात एम.ए. करण्याची माझी इच्छा आहे. त्यासाठी शैक्षणिक कर्ज काढावे का?
– एक शिक्षिका, पुणे

उत्तर : सप्रेम नमस्कार.

तुमचा प्रश्न कर्जाचा आहे, पण त्याचे उत्तर त्या न बोलणाऱ्या मुलापासून सुरू होते. अनोळखी भाषेत येऊन पडलेले मूल पुष्कळदा आधी केवळ ऐकत राहते. हा अबोल काळ काही महिने टिकू शकतो आणि तो मंदबुद्धीची खूण नसतो. कॅनडातील भाषाशिक्षणाचे अभ्यासक जिम कमिन्स यांनी दाखवून दिले आहे, की मैदानावर मित्रांशी बोलण्यापुरती नवी भाषा मुलांना साधारण २ वर्षांत येते; मात्र पाठ्यपुस्तकातील कारणमीमांसा समजून ती स्वतःच्या शब्दांत लिहिता येण्यास ५ ते ७ वर्षे लागतात. ज्या शिक्षकाला हे ठाऊक नसते, तो तिसऱ्या वर्षी पालकसभेत ‘बोलतो तर छान, लिहायचाच आळस आहे’ असे सांगतो आणि मुलावर अन्याय करून मोकळा होतो.

हीच अडचण तुमच्या भोजपुरी बोलणाऱ्या विद्यार्थ्यांचीही आहे. फरक इतकाच, की कोरियन मुलाच्या मौनाला आपण सांस्कृतिक अंतर म्हणतो आणि बांधकामावरील मजुराच्या मुलाला ‘नीट बोल’ म्हणून दटावतो. माझ्या मते या क्षेत्रातील सर्वांत अवघड आव्हान हेच आहे. आंतरसांस्कृतिक शिक्षणासाठीच्या युनेस्कोच्या २००६ सालच्या मार्गदर्शक तत्त्वांतील पहिलेच तत्त्व विद्यार्थ्याच्या सांस्कृतिक ओळखीचा आदर राखून त्याला दर्जेदार शिक्षण देण्याचे आहे. शाळांमध्ये मात्र त्याची जागा बहुधा वर्षातून एकदा होणारे वेशभूषा आणि खाद्यपदार्थांचे प्रदर्शन घेते. याच्या उलट टोकाची चूक म्हणजे ‘कोरियन मुले अबोलच असतात’ असे ठरवून टाकणे. तो मुलगा स्वभावाने लाजाळू असेल किंवा जुन्या मित्रांच्या आठवणीने दुःखी असेल, ही शक्यता मग कोणी तपासतच नाही.

म्हणून आज कर्ज काढू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. या विषयातील एम.ए. नंतर परदेशात नोकरी मिळेलच असे नाही आणि पुण्यातील शिक्षकाच्या पगारातून तो हप्ता फेडणे फार जड जाते. आणखी दोन वर्षे याच वर्गात राहा आणि पाच-सहा मुलांच्या भाषेची नियमित नोंदवही ठेवा. पुढे प्रवेशासाठी उद्देशपत्र लिहिताना तिचा आधार होईल. रानडे इन्स्टिट्यूटच्या आवारातील पुणे विद्यापीठाच्या परकीय भाषा विभागात एखादी भाषा शिकायला घ्या, कारण चाळिशीतल्या विद्यार्थ्यांपासून कॉलेजकुमारांपर्यंत सगळ्यांसमोर चुकत बोलण्याचा संकोच स्वतः अनुभवल्याशिवाय मुलाचा संकोच कळत नाही. त्यानंतर मुंबईची टाटा सामाजिक विज्ञान संस्था आणि बंगळूरूचे अझीम प्रेमजी विद्यापीठ येथील शिक्षणशास्त्राच्या एम.ए.चा विचार करा. परदेशीच जायचे असेल, तर युरोपीय संघाच्या इरॅस्मस मुंडस शिष्यवृत्तीसाठी अर्ज करावा. आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमाच्या शाळांत इंग्रजी नवी असलेल्या मुलांना साहाय्य करणारे शिक्षक नेमले जातात; त्या कामासाठी तुमचा हा अनुभव उपयोगी पडेल.

सध्या एवढे करा : पुढच्या निबंधाच्या तासाला त्या मुलाला कोरियन भाषेतच लिहू द्या, तुम्हाला वाचता आले नाही तरी चालेल, आणि शेजारी एक चित्र काढायला सांगा. तीच मुभा भोजपुरी बोलणाऱ्या मुलांनाही त्याच तासाला द्या.