मेडिक्लेमचे कागद आणि घरातले आजारपण : वाचकांचे प्रश्न

या सदराकडे येणाऱ्या पत्रांत आजार निरनिराळे असतात, पण तक्रार बहुधा एकच असते : हप्ता वर्षानुवर्षे भरला आणि गरजेच्या वेळी पैसे मिळाले नाहीत. मी काही वर्षे विमा दाव्यांची वैद्यकीय कागदपत्रे तपासण्याचे काम केले आहे, त्यामुळे हे कागद पलीकडच्या टेबलावर कसे वाचले जातात याची मला कल्पना आहे. उत्तरे सर्वसाधारण नियमांवर आधारलेली आहेत. तुमच्या पॉलिसीतील अट वेगळी असू शकते, म्हणून निर्णय घेण्यापूर्वी ती अट स्वतः वाचावी आणि जाणकाराला दाखवावी.

प्रश्न : नवी पॉलिसी हाती येऊन १२ दिवस झाले. अटी वाचल्यावर ती नकोशी वाटते. पैसे परत मिळतील का?

मिळतील, पॉलिसी हाती आल्यापासून ती वाचून परत करण्यासाठी ३० दिवसांची ‘फ्री-लुक’ मुदत असते, तेव्हा एजंटांच्या मनधरणीत वेळ न घालवता कंपनीला आजच लेखी कळवावे.

प्रश्न : आमची पॉलिसी ५ लाखांची आहे आणि बिल त्याहून बरेच कमी होते. खोलीचे भाडे मर्यादेपेक्षा थोडे जास्त होते, तो फरक आम्ही भरणारच होतो. तरीही कंपनीने शस्त्रक्रियेच्या रकमेतूनही पैसे कापले. ही लूट नव्हे का?

लूट नव्हे, पॉलिसीतील अट आहे. ती विकताना सांगितली जात नाही, हा राग मात्र रास्त आहे. तुमच्या पॉलिसीत दिवसाला विमा रकमेच्या १ टक्का, म्हणजे ५,००० रुपये भाड्याची मर्यादा आहे असे धरू. तुम्ही ८,००० रुपयांची खोली घेतली आणि ४ दिवस राहिलात. घरच्यांचा हिशेब असा की रोजचे ३,००० याप्रमाणे १२,००० आपल्या खिशातून जातील. प्रत्यक्षात डॉक्टरांची फी, शस्त्रक्रियागृहाचे भाडे, परिचर्या यांचे दर रुग्णालयात खोलीच्या वर्गानुसार चढत जातात, म्हणून कंपनी तो खर्चही ५ : ८ या प्रमाणात देते. ही रक्कम १,६०,००० असेल तर मंजूर होतात १,००,०००, आणि १२,००० चा फरक ७२,००० वर जातो.

औषधे, शरीरात बसवलेली उपकरणे आणि तपासण्या यांना ही प्रमाणशीर कपात लावता येत नाही, आयसीयूच्या खर्चालाही नाही. ज्या रुग्णालयात खोलीनुसार दर बदलत नाहीत, तेथे तर ती मुळीच लागू होत नाही. तुमच्या कपातीचा तक्ता मागवून यांपैकी काही चुकीने कापले आहे का ते पाहावे. असे आढळले तर कंपनीकडे लेखी फेरविचार मागावा. दाखल होताना काउंटरवर विचारण्याचा प्रश्न ‘कोणती खोली रिकामी आहे’ हा नसून ‘माझ्या पॉलिसीत कितीच्या भाड्याची खोली बसते’ हा आहे.

प्रश्न : वडिलांना जुना मधुमेह आहे. पॉलिसी काढताना एजंटांनी सगळ्या रकान्यांत ‘नाही’ लिहिले आणि आम्ही सही केली. दुसऱ्या वर्षी बायपास झाली. आजार लपवला म्हणून कंपनीने दावा नाकारला. एजंट म्हणतात, ३ वर्षे पूर्ण झाली असती तर कंपनीला काहीच करता आले नसते. हे खरे का? आता काय करावे?

हे खरे नाही. विमा कायद्याच्या कलम ४५ मध्ये ३ वर्षांची मुदत आहे, पण ते कलम आयुर्विम्यापुरते आहे. आरोग्य विम्यात ही मुदत पूर्वी सलग ८ वर्षांची होती आणि एप्रिल २०२४ पासून ती ६० महिन्यांवर आली. ती उलटल्यावर कंपनीला माहिती दडवल्याच्या कारणावरून दावा नाकारता येत नाही. फसवणूक सिद्ध झाली तर मात्र तेव्हाही नाकारता येतो. एका विम्याचा नियम दुसऱ्याला चिकटवण्याचा हा प्रकार मी इतक्या वेळा पाहिला आहे की तो नेहमी अनवधानानेच होतो असे मानणे मला जड जाते. ‘शुगर बॉर्डरवरच आहे, लिहिली तर उगाच मेडिकल लागेल’ असे म्हणणाऱ्याचे कमिशन त्याच महिन्यात जमा होते, आणि त्या ‘नाही’चा जाब रुग्णाच्या मुलाला आयसीयूबाहेरच्या बाकावर बसून द्यावा लागतो.

लपवलेले उघडकीस कसे येते, असे अनेक जण विचारतात. त्यासाठी कंपनीला गुप्तहेर नेमावे लागत नाहीत. रुग्णाला तातडीच्या विभागात आणल्यावर ड्यूटीवरचे डॉक्टर उभ्याउभ्या विचारतात, ‘आधीचे काही? बीपी, शुगर?’ आणि घाबरलेली सून सांगून जाते, ‘शुगर आहे, दहा-बारा वर्षे झाली असतील.’ केसपेपरच्या पहिल्या पानावर ते वाक्य उतरते. दाव्यासोबत तोच केसपेपर जातो, आणि तपासणारा सर्वांत आधी ते पान उघडतो. मीही तेच उघडत असे. तेथे खोटे सांगावे असे मी चुकूनही सुचवत नाही, कारण भूल देणाऱ्या डॉक्टरांपासून आजार लपवणे म्हणजे रुग्णाच्या जिवाशी खेळणे आहे. पण वर्षे नक्की ठाऊक नसतील तर अंदाज ठोकू नये, जुनी फाइल पाहून सांगतो असे म्हणावे. पॉलिसीनंतर सुरू झालेला आजार केवळ अशा एका अंदाजामुळे आधीचा ठरल्याची प्रकरणे माझ्यासमोर आली आहेत, आणि चढलेला आकडा उतरवण्यासाठी मग उपचार करणाऱ्या डॉक्टरांचे पत्र, पहिला रिपोर्ट, जुन्या चिठ्ठ्या असे सगळे गोळा करीत फिरावे लागते.

आजार खरा लिहिला असता तर काय झाले असते, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. हप्ता कदाचित वाढला असता, आणि आधीच्या आजारासाठी जास्तीत जास्त ३६ महिन्यांचा प्रतीक्षा काळ लागला असता, म्हणजे तेवढे दिवस त्या आजाराचा खर्च मिळाला नसता. पूर्वी ही मर्यादा ४८ महिने होती. मधुमेहाशी संबंध जोडून दुसऱ्या वर्षातील बायपासचा खर्च तेव्हाही नाकारला गेला असता, ही शक्यता आहे. पण पॉलिसी निर्वेध राहिली असती आणि चौथ्या वर्षापासून मधुमेहासह सगळे संरक्षण मिळाले असते. लपवल्यामुळे आता तीच पॉलिसी रद्द होण्याची भीती आहे, आणि या वयात व या इतिहासानंतर दुसरी मिळवणे सोपे नाही.

आता करण्याचे काम. नकाराचे पत्र पॉलिसीतील नेमक्या कलमासह लेखी मागवा. विमा नियामकाच्या मे २०२४ च्या परिपत्रकानुसार कंपनीच्या दावा पुनरावलोकन समितीच्या मंजुरीवाचून दावा नाकारता येत नाही, तेव्हा ती मंजुरी घेतली होती का, हेही विचारा. पॉलिसी घेताना भरलेल्या अर्जाची (प्रपोजल फॉर्मची) प्रत मिळवा आणि मधुमेहाविषयी थेट प्रश्न होता का, हस्ताक्षर कोणाचे आहे, वैद्यकीय तपासणी झाली होती का, हे पाहा. त्यानंतर कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे तक्रार करा. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा ते पटले नाही, तर विमा लोकपालांकडे जाता येते. त्यांची कार्यालये मुंबई आणि पुणे येथेही आहेत. तेथे शुल्क नाही, वकील लागत नाही आणि ५० लाखांपर्यंतच्या तक्रारी ऐकल्या जातात. कंपनीच्या अंतिम नकारापासून एका वर्षाच्या आत तेथे पोहोचणे आवश्यक आहे. अनेक जण एजंटांच्या ‘बघतो, वर बोलणे चालू आहे’ यावर ते वर्ष घालवतात. ही सगळी कागदपत्रे विमा दाव्यांचा अनुभव असलेल्या सल्लागाराला दाखवल्याशिवाय तक्रारीचे पहिले पत्रही पाठवू नका, कारण त्या पत्रातले वाक्य पुढे तुमच्याच विरुद्ध वाचले जाऊ शकते.

प्रश्न : कॅशलेस असूनही डिस्चार्जच्या दिवशी अंतिम मंजुरीसाठी ७ तास बसावे लागले आणि रुग्णालयाने खोलीचे जादा भाडे लावले. ते कोणी भरायचे?

रुग्णालयाची विनंती मिळाल्यापासून ३ तासांत अंतिम मंजुरी देणे कंपनीवर बंधनकारक आहे, आणि त्यापुढील विलंबामुळे लागलेली जादा रक्कम कंपनीने सोसायची आहे. मात्र घड्याळ डॉक्टरांनी ‘घरी जा’ म्हटल्यापासून चालू होत नाही. अंतिम बिल विमा कक्षातून किती वाजता पाठवले गेले, त्या ईमेलची वेळ मागून घ्या. माझ्या अनुभवात ७ तासांपैकी निम्मे बिलिंग आणि औषध विभाग यांच्यातच जातात, आणि तेवढ्या वेळेचा जाब रुग्णालयाला विचारावा लागतो.

प्रश्न : आई ७४ वर्षांची आहे. या वयात विमा मिळत नाही असे सगळे सांगतात.

‘सगळे’ जुनी माहिती सांगत आहेत. ६५ वर्षांनंतर नवी पॉलिसी नाकारण्याची सरसकट मर्यादा एप्रिल २०२४ पासून उरलेली नाही, पण हप्ता आणि को-पे, म्हणजे प्रत्येक बिलातला आपण भरायचा हिस्सा, पाहिल्याशिवाय होकार देऊ नये. त्याआधी आयुष्मान भारत योजनेचे कार्ड काढा : ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षे पूर्ण केलेल्या व्यक्तींना उत्पन्नाची अट न लावता वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात, आणि खासगी मेडिक्लेम असला तरी ही पात्रता जात नाही. केंद्र सरकारी कर्मचारी व निवृत्तांसाठीच्या आरोग्य योजनेचे (सीजीएचएस) लाभार्थी असाल तर दोहोंपैकी एक निवडावी लागते. कार्ड मोफत निघते. ते ‘करून देण्यासाठी’ हजार-दोन हजार मागणाऱ्याला दारातूनच परत पाठवावे. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनाही आहे. दाखल होण्यापूर्वी आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या रुग्णालयातील मदतनिसाला, भेटून आईचा नेमका आजार आणि त्या रुग्णालयातील तो विभाग योजनेत बसतो का, याची खात्री करा. केवळ दर्शनी पाटीवर विसंबू नका.

प्रश्न : टॉप-अप आणि सुपर टॉप-अप यांत फरक काय?

दोन्ही पूरक पॉलिसी आहेत आणि खर्च ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेला की फक्त वरची रक्कम देतात. टॉप-अप प्रत्येक वेळच्या बिलाला ही मर्यादा स्वतंत्रपणे लावते. सुपर टॉप-अप वर्षभराच्या बिलांची बेरीज करते. मर्यादा ५ लाखांची आहे आणि घरात वर्षात ४-४ लाखांची दोन आजारपणे झाली, तर पहिल्या प्रकारात काहीच मिळणार नाही आणि दुसऱ्यात ३ लाख मिळू शकतील. कुटुंबासाठी बहुधा दुसरी सोयीची ठरते, तरी मूळ पॉलिसी सल्लागाराला दाखवूनच घ्यावी.

प्रश्न : नूतनीकरणाची तारीख उलटून २० दिवस झाले. आता नवीच पॉलिसी घ्यावी का?

नाही, वार्षिक हप्त्याला ३० दिवसांची सवलत असते, ती संपण्यापूर्वी जुनीच चालू करा. मधल्या दिवसांतील आजारपणाचा खर्च मिळणार नाही, पण आजवर काढलेला प्रतीक्षा काळ वाचेल.

प्रश्न : नुसत्या तपासण्या करायच्या असल्या तरी २४ तास दाखल राहिले की विमा मिळतो, असा संदेश फिरतो आहे. रुग्णालयातूनही तसेच सुचवले. करावे का?

करू नये. केवळ तपासणीसाठी दाखल होणे पॉलिसीतून वगळलेले असते, आणि कागदावर आजार रंगवून केलेला असा दावा पकडला गेला तर त्याला फसवणूक म्हणतात. दाखल होण्याची खरोखर गरज आहे का, हे दुसऱ्या डॉक्टरांना विचारावे.